कौल लावण्याआधी गावाने स्वतःला विचारायचे प्रश्न

देवळात कौल लावताना आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, पुजारी गाऱ्हाणं घालतो आणि सगळं घर श्वास रोखून बघत राहतं. उजवी पडली तर काम हाती घ्यायचं, डावी पडली तर थांबायचं. मुलीचं लग्न असो, घराचा पाया असो की भाटाचा, म्हणजे बागायतीचा, व्यवहार, उत्तरं दोनच.

गोव्याने सबंध प्रदेशाचाही असा एक कौल दिला आहे. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. तिथे उत्तरं दोनच असणं साहजिक होतं. पण त्यानंतर जमीन, पाणी, डोंगर, किनारा यांविषयी गावाला जे जे विचारलं गेलं, तेही बहुतेक त्याच साच्यात. आराखडा कुठेतरी तयार होतो, रंगवलेला नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागतो आणि सांगतात, हरकती असतील तर अमुक दिवसांत लेखी द्या. हवा की नको? ‘नको’ म्हटलं की गाव विकासाच्या आड येतो. ‘हवा’ म्हटलं की पुढची तीस वर्षं त्या एका शब्दाला बांधली जातात. तीस वर्षांनी आपल्याला इथे कसं जगायचं आहे, हे विचारायची पायरी मात्र मधल्या मध्ये गळून जाते.

ती पायरी परत बसवायची एक रीत जगात आहे. इंग्रजीत तिला पार्टिसिपेटरी फोरसाइट म्हणतात. आपण लोकसहभागी भविष्यवेध म्हणू. नाव जड आहे, काम तितकं जड नाही.

भाकीत वेगळं, भविष्यवेध वेगळा

भाकीत करणारा मागच्या वीस वर्षांचे आकडे घेतो आणि रेघ पुढे ओढतो. इतकी वाहनं वाढतील, इतके पर्यटक येतील, इतकं पाणी लागेल. टाकीचा आकार ठरवायला हे लागतंच. पण रेघ मध्येच तुटली की भाकीत निरुपयोगी ठरतं. आपल्या खाणींचंच पाहा. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. आदल्या वर्षी कर्ज काढून ट्रक घेतलेल्या डिचोली-सांग्याच्या माणसाच्या हिशेबात ही शक्यता कुठेच नव्हती. कर्ज देणाऱ्याच्याही नव्हती. आठ वर्षांनी, २०२० मध्ये, महामारीने हॉटेलांवर तीच वेळ आणली.

भविष्यवेध एकाच भविष्यावर पैज लावत नाही. तो विचारतो: काय काय होऊ शकतं? त्यातलं आपल्याला हवं ते कुठलं? आणि त्यासाठी आज काय सुरू करावं लागेल, आज काय थांबवावं लागेल? ‘होण्याची शक्यता आहे’ आणि ‘व्हावं असं वाटतं’ या दोन गोष्टींची आपण बोलताना नेहमी गल्लत करतो. ती गल्लत सोडवली तरी अर्धं काम झालं.

ही विद्या सुरुवातीला लष्कराची होती. १९५० च्या दशकात अमेरिकेत हर्मन कान यांच्यासारखे लोक अणुयुद्धाच्या वेगवेगळ्या शक्यता मांडून पाहत. मग शेल ही तेलकंपनी ती शिकली, आणि १९७३ च्या तेलसंकटाला इतरांपेक्षा जास्त तयारीने सामोरी गेली. सामान्य माणसांपर्यंत ती आणण्यात मोठा वाटा रॉबर्ट युंक या लेखक-पत्रकाराचा. सेनापती आणि कंपन्या उद्याचा सराव करतात, मग ज्यांना त्या उद्यात राहायचं आहे त्यांनी का करू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या ‘भविष्याच्या कार्यशाळे’चे टप्पे तीन: आधी मनसोक्त तक्रार, मग मनसोक्त कल्पना, मग अंमलाचा विचार. आपल्या ग्रामसभा पहिल्या टप्प्यावर सुरू होतात आणि तिथेच संपतात. तक्रारीत खोट काहीच नाही. युंक तीच प्रत्येक तक्रार उलटी करून लिहायला लावत, ‘नाल्यात घाण येते’ याचं ‘मुलं नाल्यात पोहतात’ असं, आणि पुढची चर्चा तिथून.

मानशीवर

गावाला दूरचं पाहता येत नाही असं कुणी म्हटलं की मला मानस आठवते, खाजनाच्या बांधातलं भरती-ओहोटीचं दार.

लहानपणी काकांबरोबर मी मानशीवर जायचे. बांधाच्या पोटात दगडी चौकट आणि तिला लाकडी फळ्यांची दारं. भरती चढू लागली की नदीचं पाणी दारांना बाहेरून रेटायचं आणि ती हळूहळू मिटायची. ओहोटी लागली की आतलं पाणी जोर करून त्यांना उघडायचं. वीज नाही, मोटर नाही. काका मिटलेल्या दाराच्या फटीवर हात धरून बसायचे. बोटाला धार लागली की चिखल आणि गवताचा गोळा करून तिथे दाबायचे. मी विचारलं, एवढ्याशा फटीने काय होतं? ते म्हणाले, आज काही होत नाही.

खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्याकडून बांध घालून मिळवलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर धरतात. पावसाने मातीतलं मीठ धुऊन गेलं की कोरगूट पेरायचं, खारट जमीन सोसणारं भात. पावसाळ्यानंतर त्याच पाण्यात मासळी, कोळंबी, काही ठिकाणी मीठ. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोराल या सनदेत गावकरीच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या कारभाराच्या, रीती लिहून घेतल्या तेव्हाच त्या जुन्या होत्या. गावच्या उत्पन्नातून आधी गावाचा सामायिक खर्च, बांध-मानशींसकट, आणि उरलं तर गावकरांना, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांना, जोण, म्हणजे नफ्याची वाटणी. पुढच्या वर्षीचा वाटा आधी बाजूला ठेवायचा ही पद्धत कुठल्या तज्ज्ञाने शिकवली नव्हती.

आज त्याच मानशीभोवती पाच-सहा माणसं उभी आहेत आणि प्रत्येकाला वेगळं दिसतं. मासळीचा लिलाव घेतलेल्याला भरतीचं पाणी आत हवं, कारण पाण्याबरोबर मासळी येते. शेतकऱ्याला ते नको, कारण एकदा खारं पाणी बसलं की दोन-तीन हंगाम जातात. शेतकरी कंटाळून पड टाकतो, पडीत कांदळवन उगवतं, आणि मग कायदा कांदळवनाचा कैवार घेतो, तोही उगाच नाही, कारण किनारा तेच सांभाळतं. कुळ कायद्यानंतर बांधाची देखभाल गावकरीकडून शेतकऱ्यांच्या संघटनांकडे गेली, पण गावकरीचा अनुभव आणि तिजोरी त्यांच्याबरोबर गेली नाही. ज्याचं शेत आत आहे तो दुबईत. जो मानशीवर रात्री जागतो तो कर्नाटकातून आलेला, आणि त्याचं नाव गावच्या मतदारयादीत नाही. यांतल्या कुणा एकालाच बोलावून खाजनाचं धोरण लिहिलं, तर ते इतरांच्या अंगावर फुटणार. लोकसहभाग का, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे: माहितीच या सगळ्यांत वाटून गेलेली आहे.

दोन रविवार

समजा, मांडवीकाठच्या एखाद्या खाजनाच्या गावाने दोन रविवार द्यायचे ठरवले, आणि साल घेतलं २०५०.

सुरुवात मागून करावी. जितकं पुढे पाहायचं, तितकं तरी मागे पाहून यावं. यासाठी चतुर्थीला गणपतीच्या वर रानफळं बांधतात त्या माटोळीइतकं चांगलं साधन मला सुचत नाही. आजीच्या वेळी माटोळीला काय काय बांधायचे, ते फळ्यावर लिहायचं: कांगले, कवंडाळ, घागऱ्या, तोरिंग, आंबाडे, सुपारीचा घोस. मग त्यातलं यंदा रानातून काय आणलं, बाजारातून काय विकत घेतलं, आणि काय मिळालंच नाही, अशा खुणा करायच्या. ज्या बायका ग्रामसभेत कधी हात वर करत नाहीत त्या इथे तासभर बोलतील. डोंगर कधी कापला, झरी कधी आटली, कुठल्या साली कुळागरात, पोफळीच्या बागेत, माकडं उतरली, सगळं त्या फळांच्या मागोमाग येतं.

मग गावाला ढकलणाऱ्या गोष्टी मांडायच्या. समुद्राची पातळी वाढते आहे, तरुण बाहेर जात आहेत, या बऱ्यापैकी नक्की. म्हादईचं पाणी किती राहील, पर्यटन कुठल्या दिशेला वळेल, शेताचा झोन बदलेल का, या अनिश्चित. भविष्यांना फाटे फुटतात ते या अनिश्चित गोष्टींमुळे.

हवाई विद्यापीठातले जिम डेटर सांगत की माणसं भविष्याविषयी जे काही बोलतात ते बहुधा चार घरांत बसतं: वाढ, कोसळणं, शिस्त आणि कायापालट. आमच्या गावाला ती घरं लावून पाहू. पहिल्यात बारा महिने पर्यटक, खाजनाकाठी व्हिला, टँकरचं पाणी, आणि गावातली पोरं त्या व्हिलांची राखण करणारी. दुसऱ्यात एका पावसात उधाण आणि पूर एकाच रात्री येतात, बांध फुटतो आणि पुन्हा बांधायला कुणी उरत नाही. तिसऱ्यात गाव मर्यादा घालून घेतो. इतकीच घरं, इतकंच विहिरीचं पाणी, मानशीच्या लिलावाचा पहिला वाटा बांधाला. जगणं साधं, थोडं जाचकही. चौथं सांगायला सगळ्यांत अवघड. गाव काही खाजन आपणहून नदीला परत देतो, तिथे कांदळवन आणि मासळी वाढवतो, उरलेलं नेटाने राखतो, आणि आज जे भाडेकरू आहेत त्यांना बांधाचे भागीदार करून घेतो. ‘गावकर’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

यांतलं कुठलं खरं ठरेल यावर वाद घालायचा नाही. प्रत्येकात एक दिवस राहून यायचं. सकाळी उठल्यावर पाणी कुठून आलं, पाववाला पोदेर येतो का, शाळेत किती मुलं आहेत, जत्रेची पालखी कोण उचलतं. असे बारीक प्रश्न विचारले की माणूस घोषणा देणं सोडतो.

दुसऱ्या रविवारी उलटं चालायचं. याला बॅककास्टिंग म्हणतात. गावाला हवंसं वाटलेलं २०५० घ्यायचं, समजा त्यात शाळेतल्या मुलांच्या ताटात गावच्या कोरगुटाचा भात आहे. तर २०४० मध्ये किती खाजन पुन्हा लागवडीखाली यायला हवं होतं? त्यासाठी २०३० पर्यंत मानशीच्या लिलावाचे नियम कुणी बदलले? आणि ते बदलायचे तर पुढच्या ग्रामसभेत ठराव कोण मांडणार? स्वप्नाला तारीख आणि माणूस चिकटला की ते कागदावर आणता येतं.

शहामृग, बदक आणि हापी

अशा बैठकांतून प्रत्यक्षात काही घडतं का? दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. नेल्सन मंडेला १९९० मध्ये सुटले, पहिली सर्वांची निवडणूक १९९४ मध्ये झाली. मधल्या काळात, १९९१-९२ मध्ये, स्टेलनबॉशजवळ माँ फ्लर इथे २२ माणसं पुन्हा पुन्हा भेटली. मुक्तिलढ्यातले, कामगार संघटनांतले, उद्योगातले, विद्यापीठांतले. एरवी एका टेबलाशी न बसणारे. बैठका चालवायला शेलमधून आलेले ॲडम कहाने होते. त्यांनी देशाची चार भविष्यं रचली आणि त्यांना नावं दिली. शहामृग: सरकार वाळूत डोकं खुपसून वाटाघाटी टाळतं. लंगडं बदक: सत्तांतर होतं, पण कुणालाच निर्णय घेता येत नाही. इकारस, ग्रीक कथेत मेणाचे पंख लावून सूर्याजवळ गेलेला मुलगा: नवं लोकप्रिय सरकार अफाट खर्च करत सूर्याकडे झेपावतं आणि कोसळतं. आणि रोहित पक्ष्यांची भरारी: सगळे हळूहळू, पण एकत्र वर जातात.

जाडजूड अहवाल देशभर कुणी वाचला असता? या चार गोष्टी वर्तमानपत्राच्या पुरवणीतून आणि छोट्या चित्रफितीतून पसरल्या. इकारसची भीती नव्या सत्ताधाऱ्यांच्या आर्थिक विचारात पुढे दिसत राहिली असं अभ्यासक सांगतात. ती भीती नको तितकी बसली, अशीही टीका आहे, आणि ती मला विचार करण्याजोगी वाटते. गोष्ट नीट रचली तर ती धोरणात शिरते. म्हणून ती कोण रचतं याला महत्त्व आहे.

दुसरं उदाहरण जपानच्या याहाबा या छोट्या गावाचं. तिथे तात्सुयोशी साइजो या अर्थतज्ज्ञाच्या कल्पनेतून २०१५ च्या सुमारास नागरिकांचे गट केले. काही गट आजचे रहिवासी म्हणून बसले. काहींना हापी नावाचा सणाचा आखूड झगा दिला आणि सांगितलं, तुम्ही २०६० मधले रहिवासी आहात, तिथून बोला. आजच्या गटांनी आजच्या अडचणींची यादी केली. झगा घातलेल्यांनी लांब पल्ल्याची, खर्चाची, अवघड कामं निवडली. याच गावात नळाच्या जुन्या जाळ्यासाठी पाणीपट्टी वाढवायला लोक स्वतःहून तयार झाले.

हे वाचलं तेव्हा मला थेट आपला खाण-निधी आठवला. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ ला दिलेल्या निकालात वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि लोहखनिजाच्या विक्रीतला दहा टक्के भाग कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं, पुढच्या पिढ्यांसाठी. ज्या पिढ्यांसाठी तो आहे त्यांच्या वतीने बोलणारं एकही माणूस आपल्या कुठल्या बैठकीत नसतं. एक झगा आपणही शिवून ठेवू शकतो.

सरकारी पातळीवर फिनलंडच्या संसदेत १९९३ पासून भविष्य समिती आहे. वेल्सने २०१५ मध्ये भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा केला आणि त्यासाठी आयुक्त नेमला. २०१९ मध्ये तिथला एक मोठा महामार्ग खर्च आणि पर्यावरण या कारणांनी रद्द झाला. त्या आयुक्तांनीही त्याला विरोध केला होता.

आपलं कुठे अडलं

गोव्याने प्रयत्न केला नाही असं नाही. २००६ च्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं, आणि २००७ च्या जानेवारीत तो आराखडा मागे घ्यावा लागला. मग चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या वास्तुविशारदाचा सहभाग असलेल्या कार्यदलाने २०२१ सालापर्यंतचा आराखडा हाती घेतला. गावागावांत नकाशे पाठवले, सूचना मागवल्या. लोकांनी रात्री जागून सर्व्हे नंबर तपासले. देशात असं क्वचितच घडलं होतं. पण अंतिम नकाशे आले तेव्हा अनेक गावांना आपल्या सूचना त्यात सापडल्या नाहीत, आणि २०१२ मध्ये तो आराखडाच स्थगित झाला. पुढे २०१८ मध्ये कलम १६ब आणि २०२३ मध्ये कलम १७(२) नगरनियोजन कायद्यात आलं आणि एकेका सर्व्हे नंबरापुरता झोन बदलायची वाट मोकळी झाली. तुकड्यातुकड्याने असा बदल होतो तेव्हा सगळ्या गावाचं चित्र कुणाच्याच डोळ्यांसमोर नसतं.

माझ्या मते तेव्हा दोन गोष्टी राहून गेल्या. गावाला नकाशा विचारला, भविष्य विचारलं नाही. रंग कुठला हवा याआधी जगणं कसं हवं हे ठरलंच नव्हतं. आणि गावाने सांगितलेल्याचं पुढे काय झालं, हे लेखी कळवायचं बंधन कुणावर नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त घातक. रात्री जागलेल्या माणसाला उत्तर मिळालं नाही की तो पुढच्या वेळी येत नाही.

धोरणाशी सांधा जोडायचा तर त्यासाठी नवं काही उभारावं लागत नाही. ग्रामपंचायत विकास आराखडा दरवर्षी होतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव समित्या आणि लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या आहेत. माटोळीचा फळा तिथे सरळ उतरवता येतो. आणि चार भविष्यं गावाकडे तयार असली की येणारा प्रत्येक प्रस्ताव त्यांवर घासून पाहता येतो. हा रस्ता, ही जेटी, ही वसाहत चारही भविष्यांत उपयोगी आहे की फक्त पहिल्यात? मानशीची दुरुस्ती चारांपैकी तिघांत लागते. खाजनात भराव घालून केलेला रस्ता एकात उपयोगी पडतो आणि एकात बुडतो. ग्रामसभेचा असा ठराव ‘आमचा विरोध आहे’ या एका ओळीपेक्षा खोडायला पुष्कळ कठीण असतो, अधिकाऱ्याला आणि न्यायालयालाही.

धोकेही आहेत. पुढच्या खुर्च्यांवर भाटकार, म्हणजे जमीनमालक, बसला की मागे उभा असलेला, त्याच्याच जमिनीवर घर असलेला मुंडकार बोलत नाही. म्हणून गट वेगळे करावेत आणि बायकांची बैठक मांडावर घ्यावी, जिथे धालोची गाणी-नाच करायला त्या जमतात आणि तोंड उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. कागद कोकणी-मराठीत असावेत. चालवणारा बाहेरचा असला तर चालेल, लिहून घेणारे मात्र गावातले असावेत, नाहीतर अहवाल गावाबरोबर राहत नाही. आणि मानशीवर जागणाऱ्या त्या परगावच्या माणसाला पहिल्याच रविवारी बोलवावं. २०५० मध्ये इथे असण्याची शक्यता आपल्या दुबईच्या भाच्यापेक्षा त्याची जास्त आहे.

खर्च म्हणाल तर शाळेचा वर्ग, फळा, खडू, चहा आणि पाव-भाजी. अवघड आहे ते दिवस ठरवणं. जूनमध्ये पेरणी. ऑगस्ट उजाडला की ट्रॉलर समुद्रात जातात, मग चतुर्थी, मग कापणी. डिसेंबरनंतर जत्रा, धालो, शिगमो, आणि मे महिना लग्नांचा. मी आमच्या पंचायतीला जुलैचे शेवटचे दोन रविवार सुचवले आहेत. मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत असते, लावणी बहुतेक आटोपलेली असते, आणि भरतीची वेळ बघून दुपारी सगळ्यांना मानशीपर्यंत चालत नेता येईल.